भाव सांगता, मग आवक का लपवता?

करमाळ्याच्या मार्केट यार्डात उडदाचा भाव विचारणारा शेतकरी एका आकड्यावर कधीच गप्प बसत नाही. कमाल भाव सांगितला की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला, "किती पोत्यांना?" चार पोत्यांना वरचा भाव काढायचा आणि बाकीचा माल खालच्या भावात उचलायचा, ही गोष्ट त्याला कुणी शिकवावी लागत नाही. म्हणून तर बाजारभावाच्या तक्त्यात किमान, कमाल, सर्वसाधारण दराशेजारी आवकेचा रकाना असतो.

मग हाच माणूस मोबाईलवर शेअर घेताना हा प्रश्न का विसरतो?

टीप देणाऱ्या ग्रुपवर रोज स्क्रीनशॉट पडतात. "आज पुन्हा अप्पर सर्किट!" भाव ठळक दिसतो. व्हॉल्यूम, म्हणजे दिवसभरात किती शेअरची खरेदी-विक्री झाली, ते मात्र कुणी सांगत नाही. रोजच्या सरासरीपेक्षा बरीच जास्त उलाढाल होऊन भाव चढला, तर त्या भावाला घेणारे पुष्कळ आहेत असं म्हणता येतं. दोन-चारशे शेअरवर चढला, तर तो कुणीतरी ढकललेला असू शकतो. उद्या तुम्ही विकायला निघालात की गिऱ्हाईकच नाही!

मुंबईची एलसिड इन्व्हेस्टमेंट्स आठवा. शेअरचा भाव 3 रुपये 53 पैसे. 29 ऑक्टोबर 2024 ला विशेष लिलावानंतर तोच भाव 2 लाख 36 हजार 250 रुपये. कंपनी काय एका रात्रीत मोठी झाली? नाही. एशियन पेंट्सचे मौल्यवान शेअर तिच्याकडे आधीपासूनच होते. साडेतीन रुपयांत विकणारा कुणी नव्हता, म्हणून व्यवहारच होत नव्हते. भाव होता, बाजार नव्हता.

आता क्लासवाले म्हणतील, "आम्ही तर व्हॉल्यूम बघूनच घ्यायला सांगतो." अर्धंच सांगता, साहेब. व्हॉल्यूमसुद्धा फुगवता येतो. साधना ब्रॉडकास्टच्या प्रकरणात सेबीने मार्च 2023 मध्ये आदेश काढला. त्यानुसार 2022 मध्ये आधी भाव आणि उलाढाल वाढवली, मग यूट्यूबवर खोटे व्हिडिओ सोडले. छोटे गुंतवणूकदार तुटून पडले आणि आतल्यांनी त्यांच्याच गळ्यात आपला माल मारला. म्हणजे व्हॉल्यूम प्रचंड होता, पण विकणारे कोण होते?

म्हणून ग्रुप चालवणाऱ्यांना माझं जाहीर सांगणं आहे. टीप द्यायचीच तर तीन गोष्टी सोबत टाका. आजचा व्हॉल्यूम किती, गेल्या महिन्याची रोजची सरासरी किती, आणि त्यातली डिलिव्हरी किती, म्हणजे खरोखर किती शेअर घेणाऱ्याच्या खात्यात गेले. एक्स्चेंजच्या साइटवर हे सगळं फुकट मिळतं. आणि सेबीचा नोंदणी क्रमांकही टाका, असला तर.

आणि भावांनो, उसाचं बिल असो की केळीचा पैसा, तो राबून मिळवलेला आहे. उडीद विकताना जेवढी घासाघीस करता, तेवढी तरी इथं करा. "किती पोत्यांना?" या प्रश्नावर जो चिडतो, त्याच्या टीपवर रुपयासुद्धा लावू नका.