दोन शब्दांचा दाखला

लिथियमची कथा आपण विद्यार्थ्यांना सांगतो ती गिनीपिगांपासून. त्या कथेतल्या पहिल्या रुग्णाची हकिगत मात्र बहुधा अर्ध्यावर सोडतो. जॉन केड यांनी मेलबर्नच्या बुंडूरा भागातील मनोरुग्णालयात उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिले आणि १९४९ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यातला पहिला रुग्ण ५१ वर्षांचा होता आणि पाच वर्षे सतत उन्मादावस्थेत होता. मार्च १९४८ मध्ये औषध सुरू झाले, जुलैमध्ये तो घरी गेला आणि लवकरच आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. पुढे गोळ्या घेण्यात हयगय झाली, मग त्या बंदच पडल्या आणि जानेवारी १९४९ मध्ये तो पुन्हा दाखल झाला. १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने त्याचा मृत्यू झाला.

या हकिगतीतली एक नोंद आपल्या कामाची आहे. गुण आला हे सांगताना केड यांनी लिहिले की माणूस कामावर गेला. पाऊणशे वर्षांनंतर आपल्या केसपेपरवर लक्षणांचे गुणांकन असते, रक्तातील पातळी असते, थायरॉइड आणि क्रिएटिनिनचे आकडे असतात. व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द असतो : ‘नोकरी’. उपचारांचा शेवटही तितक्याच थोडक्यात होतो. रुग्ण दाखला मागतो, आपण ‘कामास योग्य’ असे दोन शब्द लिहून सही करतो. बायपोलर विकाराच्या रुग्णासाठी एवढा दाखला पुरेसा नाही, हे या संपादकीयाचे म्हणणे आहे.

संशोधन काय सांगते ते पाहू. मॉरिसियो टोहेन आणि सहकाऱ्यांनी उन्मादाच्या पहिल्या झटक्यानंतर भरती झालेल्या १६६ रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. निदानाच्या निकषांनुसार ९८ टक्के रुग्ण झटक्यातून बाहेर आले. लक्षणे जवळजवळ पूर्ण ओसरली ती ७२ टक्क्यांची. काम आणि राहणीमानाच्या पूर्वीच्या पातळीवर पोहोचले फक्त ४३ टक्के. ‘बरे झाले’ आणि ‘पूर्ववत झाले’ यांच्यात केवढे अंतर आहे ते या तीन आकड्यांत दिसते. आपण बहुतेकदा पहिल्या आकड्यापाशीच दाखला लिहून मोकळे होतो.

या अंतराचे एक कारण लुइस जड यांच्या अभ्यासात सापडते. बायपोलर प्रकार एकच्या रुग्णांना त्यांनी सरासरी बारा वर्षांहून अधिक काळ, आठवड्या-आठवड्याने नोंदी ठेवत पाहिले. जवळजवळ निम्म्या आठवड्यांत काही ना काही लक्षणे होती, आणि नैराश्याचे आठवडे उन्मादाच्या आठवड्यांच्या तिप्पटीहून अधिक होते. कचेरीत आठवण राहते ती उन्मादाची : साहेबांशी झालेला वाद, रात्री दोनला पाठवलेले ईमेल. नोकरीला वाळवी लावते ते मात्र न दिसणारे नैराश्य, मंदावलेली एकाग्रता, सकाळी न उठवणारे शरीर. अमेरिकेतील कामगारांच्या पाहणीवरून रोनाल्ड केसलर यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला तेव्हा बायपोलर विकारामुळे माणशी वर्षाला सुमारे ६५ कामाचे दिवस वाया जात होते. नुसत्या नैराश्याच्या विकारात हा आकडा २७ होता. फरकाचे मोठे कारण बायपोलरमधील नैराश्याची तीव्रता आणि चिवटपणा हे निघाले. त्यातच सॅक्स आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या चाचणीने दाखवले की मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाला प्रचलित नैराश्यविरोधी गोळीची जोड दिल्याने विशेष लाभ होत नाही. म्हणजे कामावरचा रुग्ण ‘थोडा थकलेला’ दिसतो तेव्हा एक गोळी वाढवून आपली सुटका होत नाही.

मग काय करायचे? आधी त्याचे काम समजून घ्यायचे. एलेन फ्रँक यांच्या सामाजिक लय उपचारपद्धतीचा गाभा हाच आहे की झोप, जेवण, काम यांच्या वेळा स्थिर राहिल्या तर मूडही टिकतो. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराला आपण ‘वेळेवर झोपा’ असे सांगतो, तेव्हा तो मान डोलावतो आणि रात्री दहाला तिसऱ्या पाळीला जातो. चूक त्याची नसते. पाळी कायम करून देण्याची शिफारस आपण लिहिलेली नसते.

औषधांचेही तसेच. लिथियमची सुरक्षित मर्यादा अरुंद आहे. कोल्हापूरच्या फाउंड्रीत भट्टीजवळ उभा राहणारा किंवा विदर्भाच्या मे महिन्यात बांधकामावर जाणारा माणूस घामावाटे पाणी आणि मीठ गमावतो, अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक घेतो आणि त्याची लिथियमची पातळी चढते. पिण्याचे पाणी हाताशी असणे हा त्याच्या उपचारांचा भाग आहे. लिथियमने बोटांना येणारा बारीक कंप एखाद्या कारकुनाला चालून जातो. सोनाराला, शिंप्याला तो रोजीवरचा घाला वाटतो आणि तो गोळी गुपचूप थांबवतो. रात्रीच्या क्वेटियापिनची गुंगी सकाळी सहाच्या पाळीला यंत्रासमोर उतरलेली असेल का, हे आपण विचारतो का? लिथियमसाठीचे रक्त शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी, म्हणजे सकाळी काढायचे. रोजंदारीवरच्या माणसासाठी याचा अर्थ अर्ध्या दिवसाची मजुरी.

बार्सिलोनातील एदुआर्द व्हिएटा यांच्या गटाने एक पाऊल पुढे टाकले. कार्यक्षमता घसरलेल्या २३९ रुग्णांवर झालेल्या २०१३ च्या अभ्यासात त्यांनी स्मृती, एकाग्रता आणि नियोजन यांचा रोजच्या व्यवहारांतून सराव देणारी २१ साप्ताहिक सत्रे घेतली. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत या रुग्णांची कार्यक्षमता सुधारली. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ, एक खोली आणि सातत्य लागते. आपल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत असे गट मराठीतून सुरू होऊ शकतात.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराचा समावेश केला असून सरकारी सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकण्यास किंवा पदावनत करण्यास मनाई केली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे २३ वे कलम गोपनीयतेचा हक्क देते. बायपोलर विकार असलेल्या न्यायिक सेवेच्या उमेदवाराच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० मध्ये निकाल दिला. आजार औषधांनी आटोक्यात आहे म्हणून त्याचे संरक्षण संपत नाही, हा त्याचा मथितार्थ. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शिस्तभंगाच्या कारवाईमागे मानसिक आजार हे अनेक कारणांपैकी एक कारण असले, तरी ती कारवाई भेदभाव ठरू शकते. उन्मादातल्या वागण्यावरून नोटीस हातात घेऊन येणाऱ्या रुग्णासाठी आपले प्रमाणपत्र किती मोलाचे आहे, हे यावरून कळावे.

म्हणून सुचवणे असे. दाखला अर्ध्या पानाचा करू या. कामाचे तास टप्प्याटप्प्याने कसे वाढवायचे, रात्रपाळी किती महिने नको, वाहन किंवा धोक्याचे यंत्र कधीपर्यंत नको, तपासणीसाठी महिन्यात किती सवलत हवी आणि फेरतपासणी केव्हा, एवढे त्यात असावे. निदान लिहायचे की नाही हे रुग्णाने ठरवावे. मालकाला सवलत कळणे पुरेसे असते, आजाराचे नाव लागत नाही. कंपनीच्या डॉक्टरांशी बोलायचे ते रुग्णाच्या लेखी संमतीने, शक्यतो त्याच्यासमोर. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वेही कामाच्या ठिकाणी अशा वाजवी सोयी करण्याचीच शिफारस करतात.

ज्यांना दाखला द्यायलाच कोणी नाही, त्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. शेतमजूर, घरकामगार, फेरीवाले यांच्या गावी ‘एचआर’ नसतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर विकाराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते, आणि त्या सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. या माणसांसाठी आपल्यालाच वेळा बदलाव्या लागतील : सकाळी सातला रक्त घेणारे एक टेबल, संध्याकाळची एक ओपीडी, एका वेळी पुरेशा दिवसांची औषधे.

बरा होऊ लागलेला रुग्ण आपल्याला एक प्रश्न हमखास विचारतो, ‘डॉक्टर, कामावर कधी जाऊ?’ आपण तारीख सांगतो. यापुढे तारखेआधी त्याला विचारू या : काम कोणते, कुठे, किती वाजता सुरू होते, घरातून किती वाजता निघता? उत्तरे केसपेपरवर लिहू या आणि मगच दाखल्याचा कागद पुढे ओढू या.