ऑनसाइटवाल्यांचे शनिवार-रविवार

मागच्या महिन्यात पुण्यात एका वलीम्याला ओळखीचा एक तरुण भेटला. नुकताच एडिनबराहून परतला होता. कंपनीने तीन आठवड्यांसाठी पाठवलं होतं. काय काय पाहिलंस, असं विचारलं तर म्हणाला, ‘‘काम होतं ना सर. एका रविवारी किल्ला केला, एका शनिवारी लॉख नेसची बस घेतली. बाकी हॉटेल. जूनमध्येसुद्धा थंडी आणि जेवणाचे हाल.’’ टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. बिचारा कामाला गेला होता.

त्या माना डोलावण्याचा मला राग आला, म्हणून हे लिहितोय.

आधी हिशेब करू. तीन आठवडे म्हणजे चार सुट्ट्या आणि पंधरा संध्याकाळी. जूनमध्ये एडिनबराला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. ऑफिस पाचला सुटलं तरी पुढे पाच तास लख्ख उजेड. डिसेंबरात जाणाऱ्याची तक्रार मी ऐकून घेईन. तेव्हा पावणेचारला सूर्य बुडतो आणि जोहर, असर, मगरिब या तिन्ही नमाजा ऑफिसच्या वेळेतच येतात. पण जूनमध्ये गेलेल्याने वेळ नव्हता म्हणू नये. वेळ होता, तो मोबाइलमध्ये गेला.

जेवणाचंही तेच. विद्यापीठाजवळ मोठी मशीद आहे आणि त्या परिसरात हलाल जेवण सहज मिळतं. राष्ट्रीय संग्रहालय आणि राष्ट्रीय कलादालनं पाहायला तिकीट नाही. राहिली लॉख नेसची बस. जाऊन-येऊन बारा तास, त्यातले बहुतेक काचेमागे बसून. आणि ज्या प्राण्याच्या नावाने हा धंदा चालतो, तो प्राणी काही तिथे नाही.

मी हे शहाणपण उंटावरून सांगत नाही. पहिल्या खेपेला मीही तीच बस घेतली होती. आईला लोकरी शाल, मुलांना शॉर्टब्रेडचे डबे आणि मोबाइलमध्ये दोनशे फोटो घेऊन घरी आलो. त्या शहराविषयी कुणी एक प्रश्न विचारला असता तर उत्तर देता आलं नसतं. सुदैवाने कुणी विचारला नाही.

दुसऱ्या खेपेला एका संध्याकाळी सेंट अँड्र्यू स्क्वेअरमध्ये बाकावर बसलो होतो. विमानतळावरून येणारी ट्राम इथे थांबते. आपल्यातले कितीतरी जण बॅगा ओढत इथूनच हॉटेलात जातात. चौकाच्या मधोमध चाळीस मीटरहून उंच स्तंभ आहे आणि त्यावर एक पुतळा. पहिल्या वेळी मी वर पाहिलंही नव्हतं. तो हेन्री डंडास. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या लंडनच्या सरकारी मंडळाचा १७९३ ते १८०१ या काळातला अध्यक्ष. मधलं वर्ष आठवा, १७९९. श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला, तेव्हा या खुर्चीवर हाच माणूस होता. किल्ल्यावरच्या अखेरच्या हल्ल्याचं नेतृत्व करणारा डेव्हिड बेअर्डही स्कॉटिशच.

टिपूच्या नावाने आपण काय काय सोसतो? मोबाइलवरच्या स्टेटसवरून गाव पेटतं, हे २०२३ मध्ये कोल्हापुरात पाहिलं. दोन्हीकडची पोरं एकमेकांवर धावून जातात आणि त्यांच्यातल्या कुणालाही ते युद्ध कोणत्या खुर्चीतून चाललं हे ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असायला हवं ते शिकलेले लोक त्या खुर्चीवाल्याच्या पुतळ्याखालून बॅग ओढत जातात. आपला इतिहास दुसरेच लिहितात, ही आपली आवडती तक्रार. कंपनीच्या खर्चाने त्या इतिहासाच्या दारात जाऊन आपण शॉर्टब्रेड घेऊन परत येतो, त्याचं काय?

मुसलमानेतर मित्रांनी इथे गालात हसू नये. मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ हा स्कॉटलंडमधल्या बॅन्फचा. त्याच्यावर तावातावाने बोलणारे किती ऑनसाइटवाले त्याचं गाव नकाशावर शोधतात?

त्या डंडासबद्दल आणखी एक. गुलामांचा व्यापार बंद करण्याचा निर्णय लांबवण्यात त्याचा हात होता, असं सांगणारी पाटी २०२१ मध्ये स्तंभापाशी लागली. त्यावरून जोरदार वाद झाला. पाटी निघाली, पुन्हा लागली. इतिहासकार भांडले, वंशज भांडले. पुतळ्यावरून असंही भांडता येतं, हे आपल्याकडच्या माणसाने तिथे उभं राहून पाहण्यासारखं आहे.

एखादी संध्याकाळ पॅट्रिक गेडिससाठी ठेवा. किल्ल्याच्या वाटेवर कॅमेरा ऑब्स्क्युरा नावाचं ठिकाण आहे, पर्यटक तिथे गंमत म्हणून जातात. ती इमारत गेडिसने १८९२ मध्ये घेतली. शहरात काही बदल करण्याआधी ते उंचावरून अख्खं पाहा, मग पायी हिंडा, असा त्याचा आग्रह. हाच माणूस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. भारतातल्या जुन्या, दाट वस्त्या सरसकट पाडायला त्याचा विरोध होता. जमेल तेवढं दुरुस्त करा, माणसं हलवू नका, असं तो सांगे. बुलडोझरच्या दिवसांत हे नाव आपल्या मोहल्ल्यात माहीत असायला हवं.

आणि एक शनिवार डंडीला द्या. रेल्वेने साधारण सव्वा तास. वाटेत १८९० चा फोर्थचा पूल लागतो. डंडीत व्हरडंट वर्क्स नावाची जुनी गिरणी आता संग्रहालय आहे. त्याला मात्र तिकीट आहे. इथे ताग विणला जायचा. तो यायचा बंगालमधून. पूर्व बंगालातले शेतकरी तो गुडघाभर पाण्यात उभे राहून सोलायचे आणि त्यात बहुसंख्य मुसलमान होते. इथे तो व्हेलच्या तेलाने मऊ केला जाई. गिरणीत बायका राबत, कारण त्यांची मजुरी कमी. बेकार नवरे घरी चहाचं आधण ठेवत. त्या यंत्रांपाशी उभं राहिलं की कळतं, दोन टोकांची गरीब माणसं एकाच धाग्याला बांधलेली होती आणि नफा तिसऱ्याच घरी जात होता. हे मला कुठल्याही भाषणातून इतकं स्पष्ट कळलं नव्हतं.

कुणी म्हणेल, आठवडाभर राबल्यावर माणसाने मजा करू नये का? जरूर करावी. आर्थर्स सीटची टेकडी चढा. उंची जेमतेम २५१ मीटर, सिंहगड चढणाऱ्याला ती काहीच नाही. थकला असाल तर झोपा, त्यालाही ना नाही. माझा आक्षेप ‘काम होतं’ या बहाण्याला आहे. आपल्या वाडवडलांना असा प्रवास नशिबात नव्हता. ते गेले ते जहाजावर खलाशी म्हणून, बॉयलरपुढे कोळसा ओढत. आपण भत्ता घेऊन जातो.

तो तरुण ऑक्टोबरमध्ये पुन्हा जाणार आहे. मी त्याला डंडीला जायला सांगितलं. तिथे काय आहे, त्याने विचारलं. ताग, मी म्हटलं. तो हसला, ‘‘गोणपाटात काय बघायचं सर?’’

त्याचे आजोबा मार्केट यार्डात हमाल होते. आयुष्यभर पाठीवर तीच गोणी वाहिली.