कसणारा एक, सातबारा दुसऱ्याचा

गेमचा विषय आहे म्हणून पुढे सरकू नका, प्रश्न मालकीचा आहे.

ब्लिझार्ड कंपनीने २००२ मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ काढला आणि नवे नकाशे बनवायचं साधनही सोबत दिलं. त्यावर हौशी पोरांनी ‘डोटा’ उभा केला. एकाने सुरू केला, दुसऱ्याने वाढवला, मग आइसफ्रॉग या टोपणनावाचा माणूस वर्षानुवर्षं दुरुस्त्या करत बसला. पगार शून्य. आपल्याकडच्या सायबर कॅफेंतसुद्धा पोरं त्यावर तासन्‌तास पडून असायची. कित्येकांना मूळ गेमची गोष्टही ठाऊक नव्हती!

आइसफ्रॉगला पुढे व्हॉल्व्हने नोकरी दिली. ‘डोटा’ नावावरून दोन कंपन्यांचं भांडण लागलं आणि २०१२ मध्ये मिटलं. धंद्यासाठी नाव व्हॉल्व्हकडे गेलं. २०१३ मध्ये ‘डोटा २’ आला.

ब्लिझार्डने यातून धडा काय घेतला? २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३ रिफोर्ज्ड’ आणला तेव्हा नियम घातला, की यात तुम्ही जे बनवाल ते सगळं कंपनीच्या मालकीचं. बैल गेला आणि झोपा केला. भुर्दंड मात्र नव्या पोरांना.

कंपनीची बाजू मला कळते. पात्रं तिची, इंजिन तिचं. ‘ड्यूक न्यूकेम’साठी लोकांनी बनवलेले नकाशे सीडीवर विकणाऱ्या मायक्रो स्टारला अमेरिकेतल्या अपील कोर्टाने १९९८ मध्ये चाप लावला, तो योग्यच होता. (गंमत म्हणजे विकणाऱ्याने ते बनवलेही नव्हते, नेटवरून उतरवले होते.) पण परवानगीशिवाय विकू नका म्हणणं वेगळं आणि बनवलेलं सगळं आमचं म्हणणं वेगळं. जमीन मालकाची, मान्य. म्हणून कुळाने स्वतः आणलेलं बियाणं, स्वतःची अवजारंही मालकाची होतात का? नियमांची कल्पना, स्वतः लिहिलेला कोड, स्वतः काढलेली चित्रं, यांवर बनवणाऱ्याचं नाव आणि हक्क राहायलाच हवा.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायला लेखी करार आणि देणाऱ्याची सही लागते. ‘मान्य आहे’वर बोट टेकवणं ही तशी सही धरायची का? मला तरी ते पटत नाही.

बस सिम्युलेटरसाठी लालपरी बनवणारे इथेही असतील. बाबांनो, अपलोड करण्याआधी अटी वाचा, आणि मूळ फायली तारखेसकट स्वतःकडे ठेवा.