पाटी लावली म्हणजे माणूस आत येत नाही

बँकेत असताना एक दृश्य मी वर्षानुवर्षे पाहिले. पीक बुडालेला शेतकरी शाखेत यायचा, नोटीस बोर्डाशी घुटमळायचा आणि न बोलताच परत जायचा. जो हप्ता थकण्याआधी समोर बसून बोलला, त्याच्या कर्जाचे काही करता यायचे. लाजेने मागे राहिलेला वसुलीच्या यादीतच भेटायचा.

मनाचेही असेच आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर आपल्या जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस पेटली. २५ माणसे गेली. बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार झाले. पंचनामा झाला, मदत जाहीर झाली. पण अशा दुर्घटनेनंतर वसतिगृहात मित्राच्या रिकाम्या खाटेशेजारी झोपणाऱ्या मुलाची विचारपूस कोण करतो?

त्याला झोप लागत नाही, पुस्तक उघडे असून अक्षर दिसत नाही, बसमध्ये पाय ठेवताना छाती धडधडते. सुरुवातीला असे होणे स्वाभाविक आहे. पुष्कळांचे ते निवळतेही. महिना उलटला तरी निवळले नाही, तर मात्र जाणकाराकडे जायलाच हवे. आपण फोनवर म्हणतो, 'मन घट्ट कर, अभ्यासात लक्ष घाल.' आपल्याला वाटते, धीर दिला. मुलाला एवढेच कळते, की हा विषय घरी काढायचा नाही.

'आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक?' असे माझ्या वयाचे लोक विचारतात. आमच्या वेळी ओटा होता, तेराव्यापर्यंत उशाशी बसणारी माणसे होती. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत यातले काय आहे?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यास सांगितले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांबाबत गुप्ततेचा हक्क दिला. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मोफत बोलता येते. हे चांगलेच आहे. पण दारावर पाटी लावली म्हणजे माणूस आत येतो असे नाही, हे मी बँकेत शिकलो. दुर्घटनेनंतर समुपदेशकानेच वर्गात, वसतिगृहात जावे. हजेरी आणि परीक्षेची सवलत मुलाला हात जोडून मागावी लागू नये.

आणि आपण? आज रविवार आहे, मुलाला फोन कराल. मार्कांआधी झोप कशी लागते ते विचारा. आणि तो बोलू लागला, तर मध्ये बोलू नका.