एका टिंबाचे मोल



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. ७६ वर्षांच्या एक आजी सुनेचा हात धरून माझ्या दवाखान्याच्या दोन पायऱ्या चढल्या आणि बाकावर बसताच धापा टाकू लागल्या. ‘‘डॉक्टर, आठ-दहा दिवस झाले, छातीत सारखं धडधडतंय. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही,’’ त्या म्हणाल्या. नाडी मिनिटाला ११८, ठोके अनियमित, पुढे धरलेल्या बोटांना बारीक कंप. आजींना हृदयविकार जुना. थायरॉइडची गोळी मात्र अलीकडेच, लेकीकडे मुक्कामाला असताना सुरू झालेली. ती गोळी कोणती, असे विचारताच सूनबाईंनी पाकीट पुढे केले. थायरॉक्सिन, १२५ मायक्रोग्रॅम.

हृदयविकार असलेल्या वृद्ध रुग्णाला हे औषध अगदी अल्प मात्रेत सुरू करून सावकाश वाढवायचे असते. एकदम १२५ कोण देईल? चौकशी केली तेव्हा कळले, की मूळ चिठ्ठी लेकीच्या घरी राहिली होती. जावईबापूंनी ती स्कॅन करून पाठवली, मुलाने तिची छापील प्रत काढली आणि त्या प्रतीवरून तीन आठवड्यांपूर्वी औषध आणले. प्रतीवर ‘१२५’ हा आकडा स्वच्छ दिसत होता. मी लेकीला फोन लावला आणि मूळ कागद हातात घेऊन वाचायला सांगितले. तिकडून आवाज आला, ‘‘बारा... मग एक टिंब आहे... आणि पाच.’’

साडेबारा! बाजारात साडेबाराचीही गोळी मिळते आणि सव्वाशेचीही. मधले टिंब स्कॅनमध्ये पुसले गेले आणि आजींच्या पोटात तीन आठवडे दहापट मात्रा जात राहिली. त्यांना तातडीने रुग्णालयात दाखल करावे लागले. हे औषध शरीरातून हळूहळू बाहेर पडते, त्यामुळे त्याचा परिणाम पुरता ओसरायला आणखी काही आठवडे गेले. आजी बऱ्या झाल्या. पण त्या प्रसंगाने मला अंतर्मुख केले. कारण ती प्रत माझ्यासमोर पहिल्यांदा आली असती, तर मीही १२५च वाचले असते.

जावईबापूंनी निष्काळजीपणा केला असे मी म्हणणार नाही. त्यांनी काळजीनेच, फाईल ईमेलमध्ये मावावी म्हणून, स्कॅनरवरील सर्वांत हलके पर्याय निवडले होते. ते पर्याय कागदाचे नेमके काय करतात, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. आज घरोघरी आई-वडिलांच्या आजारपणाची कागदपत्रे मोबाईलमध्ये साठवली जात आहेत. म्हणून या वेळी औषधांऐवजी त्या कागदांच्या प्रकृतीविषयी बोलू.

ठिपक्यांची दाटी

स्कॅनर कागदाकडे जाळीतून पाहतो. एका इंचात तो किती ठिपके टिपतो, ते ‘डीपीआय’ या आकड्यावरून कळते. १०० डीपीआय ठेवले तर एका मिलिमीटरमध्ये जेमतेम ४ ठिपके येतात. ३०० ठेवले तर सुमारे १२. बॉलपेनने दिलेले दशांशाचे टिंब अर्ध्या मिलिमीटरचे धरा. पहिल्या प्रकारात त्याच्या वाट्याला रुंदीत दोनच ठिपके येतात, तेही शाई फिकी असेल तर करडे. दुसऱ्या प्रकारात सहा येतात, आणि टिंब टिंबासारखे दिसते.

म्हणून चिठ्ठी, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड यांसाठी ३०० डीपीआय हा नियम ठेवावा. याहून कमी नको. साध्या मजकुरासाठी याहून जास्तीची गरजही नाही. ए-फोर आकाराचा कागद ३०० डीपीआयवर सुमारे ८७ लाख ठिपक्यांचा होतो. आकडा दुप्पट करून ६०० केला, की ठिपके दुप्पट नव्हे, चौपट होतात आणि फाईल त्या मानाने जड होते. फार बारीक अक्षरातील किंवा विटलेल्या कागदासाठीच ६०० वापरावे.

मोबाईलने टिपताना डीपीआय निवडता येत नाही. तेथे आपली शिस्तच कामी येते. कागद सपाट ठेवावा, चौकटीत पूर्ण बसवावा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्यावा आणि आपल्या हाताची सावली टाळावी. नंतर चित्र बोटांनी मोठे करून सर्वांत बारीक अक्षर वाचता येते का, ते पाहावे. वाचता येत नसेल, तर लगेच पुन्हा टिपावे. कागद हाताशी असतो तोवरच ही संधी असते.

काळे-पांढरे नको

स्कॅनरवर सहसा तीन पर्याय असतात : काळे-पांढरे, करडे म्हणजे ग्रेस्केल, आणि रंगीत. ‘काळे-पांढरे’ या पर्यायात प्रत्येक ठिपक्याचा निकाल दोनच शब्दांत लागतो, काळा किंवा पांढरा. फिकी शाई, पेन्सिलीची नोंद, शिक्क्याचा जांभळा रंग हे सारे ‘पांढरे’ ठरून नाहीसे होऊ शकते. डॉक्टरांनी वेगळ्या रंगाने मारलेली ‘ही गोळी बंद’ची काट तशीच उडाली, तर बंद केलेले औषध पुन्हा सुरू होण्याचा धोका असतो.

भर म्हणून अनेक ॲपमध्ये कागद ‘स्वच्छ’ करण्याची सोय असते. ती बारीक डाग शोधून पुसते. दशांशचिन्ह आणि डाग यांतला फरक यंत्राला कसा कळावा? वैद्यकीय कागदांसाठी ही सोय बंद ठेवावी. कागद थोडा मळकट दिसला तरी चालेल.

फाईल लहान करण्याच्या हव्यासाचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आले, की काही कार्यालयीन स्कॅनर-कॉपियर यंत्रे प्रत काढताना आकडेच बदलत आहेत. एका बांधकामाच्या नकाशाच्या प्रतीत खोल्यांची क्षेत्रफळे चुकीची उमटली होती. जागा वाचवण्यासाठी ते यंत्र एकसारख्या भासणाऱ्या अक्षरांच्या जागी एकच नमुना वापरत होते. त्यामुळे ६ च्या जागी ८ येत असे, तोही अगदी सुबक. धूसर आकडा निदान शंका तरी उत्पन्न करतो. चुकीचा पण स्वच्छ आकडा मात्र कुणालाच थांबवत नाही.

तेव्हा रंगीत पर्याय निवडावा. जागा अगदीच कमी असेल तर करडा. काळा-पांढरा कधीही नाही.

डबा आणि आतला ऐवज

फाईल कोणत्या स्वरूपात ठेवावी, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. जेपीजी हे स्वरूप फोटोसाठी घडवलेले आहे. डोळ्यांना सहसा जाणवणार नाही असा तपशील गाळून ते फाईल लहान करते. चेहऱ्याच्या किंवा निसर्गाच्या चित्रात ते खपून जाते. अक्षरांच्या तीक्ष्ण कडांभोवती मात्र धुरकट ठिपके उमटतात. अशी फाईल उघडून, थोडी कापून पुन्हा पुन्हा साठवली, की दर वेळी थोडे आणखी गळते. पीएनजी असे काही गाळत नाही, पण फाईल जड होते. टिफ हे स्वरूपही तपशील राखू शकते, मात्र ते त्याहून अवजड. घरगुती कामाला त्याची आवश्यकता नाही.

पीडीएफ हा डबा आहे. दहा पानांचे डिस्चार्ज कार्ड एकाच फाईलमध्ये, क्रमाने राहते. पाने सुटी होत नाहीत आणि ती जवळजवळ प्रत्येक संगणकावर उघडते. म्हणून कागदपत्रांसाठी पीडीएफ उत्तम. परंतु डब्यात भरलेले जसे, तसेच बाहेर निघणार. धूसर फोटो पीडीएफमध्ये घातल्याने स्पष्ट होत नाही. आधी चांगले टिपावे, मग डब्यात भरावे.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. हे फोन छायाचित्रे बहुधा एचईआयसी स्वरूपात साठवतात आणि दवाखान्यातील जुन्या संगणकावर ती कित्येकदा उघडत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जेपीजीचा पर्याय मिळतो. तो निवडून ठेवावा.

विम्याच्या दाव्यासाठी लहान फाईल मागतात तेव्हा मूळ फाईल आक्रसू नये. तिची दुसरी प्रत करून ती लहान करावी.

ईसीजी, सोनोग्राफी आणि एक्स-रे

ईसीजीचा कागद बहुधा उष्णतेने उमटणारा असतो. त्यावर शाई नसते, म्हणून ऊन, उष्णता, सॅनिटायझर, चिकटपट्टी आणि काही प्लास्टिकच्या पिशव्या यांनी त्यावरील रेषा विटतात. सोनोग्राफीची गुळगुळीत चित्रेही पुष्कळदा याच जातीची असतात. यांना लॅमिनेशन कधीही करू नये. त्या उष्णतेने कागद काळा पडतो.

छातीत दुखते म्हणून रुग्ण येतो, ईसीजीत एक दोष दिसतो, आणि आम्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो : हा दोष आजचा की जुनाच? त्याचे उत्तर जुन्या ईसीजीत असते. अशा घाईच्या वेळी नातेवाईक मोठ्या जपणुकीने पिशवीतून कागद काढतात आणि तो जवळजवळ कोरा निघतो, हे मी अनेकदा अनुभवले आहे. म्हणून ईसीजी ज्या दिवशी हाती येईल त्याच दिवशी ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करावा. त्यावरील गुलाबी चौकटी ही आमची मोजपट्टी असते. नेहमीच्या वेगाने काढलेल्या ईसीजीत एक लहान चौकट म्हणजे ०.०४ सेकंद. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये या चौकटी नाहीशा होतात आणि मोजमाप करणे अवघड होते. कडेला छापलेले नाव, तारीख आणि वेगाची नोंद कापू नये.

एक्स-रेची फिल्म साध्या स्कॅनरवर ठेवून उपयोग नसतो, कारण तिच्यातून आरपार प्रकाश जावा लागतो. सीटी आणि एमआरआयच्या फिल्मवर तर निवडक चित्रेच असतात. तपासणी केंद्राकडून सीडी किंवा डिजिटल प्रत मागून घ्यावी. त्यातील चित्रे डायकॉम या वैद्यकीय स्वरूपात असतात. ती उजळ-गडद करता येतात, त्यांवर मोजमाप करता येते. आजकाल नव्या संगणकांत सीडी घालायची सोय बहुधा नसते, म्हणून सीडीतील संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावे. त्यातील एखादीच फाईल सुटी काढू नये.

मधुमेही पायाची जखम किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे पाठीवरचे व्रण यांचे फोटो आपण पाठवता, ते आम्हाला फार उपयोगी पडतात. दर वेळी त्याच ठिकाणी, दिवसाच्या उजेडात, शेजारी लहान पट्टी धरून फोटो काढावा. फोटो सुंदर करणारे फिल्टर बंद ठेवावेत. जखमेचा रंग हीच आमच्यासाठी बातमी असते.

पाठवताना आणि ठेवताना

व्हॉट्सॲपवर चित्र ‘फोटो’ म्हणून पाठवले, की ते आपोआप आक्रसते. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर जसेच्या तसे पोहोचते. एवढा एक बदल आजपासून करावा. मात्र ही कागदपत्रे नातेवाइकांच्या मोठ्या गटात टाकू नयेत. आजार ही आई-वडिलांची खासगी बाब आहे. ज्याला उपचारासाठी पाहायची गरज आहे, त्यालाच पाठवावीत आणि शक्य तेथे त्यांना विचारून.

फाईलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. पुढे रुग्णाचे नाव आणि कागदाचा प्रकार. ‘२०२४-०७-१८ आई ईसीजी’ असे लिहिले, की फाईली आपोआप कालक्रमाने लागतात. ‘स्कॅन ००४७’ ही फाईल रात्री दोन वाजता कुणालाही सापडत नाही. प्रती दोन ठिकाणी असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर, म्हणजे दुसऱ्या भावंडाकडे किंवा डिजिलॉकरसारख्या सोयीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे : स्कॅन झाले म्हणून मूळ कागद टाकून देऊ नये. औषधाचा आकडा प्रतीवरून वाचताना तो मूळ चिठ्ठीशी किंवा आधीच्या गोळ्यांच्या पाकिटाशी ताडून पाहावा. मात्रा अचानक बदललेली दिसली, तर गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा. असा फोन आम्हाला त्रासदायक वाटत नाही.

आजी महिनाभरापूर्वी तपासणीला आल्या होत्या. नाडी शांत, चेहरा प्रसन्न. पिशवीत कागदांबरोबर लग्नातला एक लहानसा फोटोही होता. घरी आजोबांना विस्मरणाचा आजार आहे. माणसे ओळखत नाहीत, पण हा फोटो पाहिला की थबकतात. ‘‘मोठा करून भिंतीवर लावायचाय, कसा करायचा?’’ आजींनी विचारले. मी सूनबाईंना सांगितले, ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा. तीन इंच बाय चार इंचाचा फोटो सहा इंच बाय आठ इंच छापला तरी स्पष्ट येईल.

आजींनी मान डोलावली आणि सुनेला म्हणाल्या, ‘‘आणि हो, ते साफ करणारं बटण दाबू नकोस. माझ्या हनुवटीवरचा तीळ जाईल.’’