केमिकल नको, खाजकुइली द्या!

कंपवाताच्या रुग्णाला दोन गोष्टी फुकट मिळतात: थरथरणारा हात आणि कधीच न अडखळणाऱ्या जिभेचे सल्लागार. "अहो, त्या गोळ्या आधी बंद करा. केमिकल असतं त्यात! खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण द्या, शंभर टक्के नैसर्गिक." बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर चरकाचं तेज, हातात व्हॉट्सॲप.

मला या मंडळींचं भारी कौतुक वाटतं. खाजकुइलीच्या बीत जे काम करतं त्याचं नाव लेव्होडोपा. आणि त्या बदनाम गोळीत काय असतं? लेव्होडोपाच! म्हणजे एकच रेणू गोळीतून आला की विष, पुडीतून आला की प्रसाद. हा अद्वैताचा कुठला संप्रदाय म्हणायचा? हे द्रव्य या बियांतून वेगळं काढलं ते मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी, १९३७ साली. परंपरेचा अभिमान छातीवर मिरवणाऱ्या एकाला तरी ही नावं विचारून बघा. मजा येईल.

बरं, निसर्ग म्हणजे काही आपली मावशी नव्हे. सर्पगंधेतून मिळणारं रेसर्पीन आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना दिलं, तर ते जागच्या जागी गोठले. लेव्होडोपा दिल्यावर पुन्हा हलू लागले. प्रयोगशाळेत उंदरांना कंपवात 'लावायला' वापरतात ते रोटेनोनही झाडाच्या मुळातलंच. शंभर टक्के नैसर्गिक, बरं का! एका वनस्पतीनं उंदीर आजारी पाडायचा, दुसरीचा अर्क पाजून सावरायचा, की बातमी तयार: हळदीनं कंपवात पळाला! उंदराचा पळाला असेल हो. माणसाच्या आतड्यातून रक्तात उतरायला हळदीतलं कर्क्युमिन फारसं राजीच नसतं.

खाजकुइलीशी माझं वैर नाही. बोलिव्हियातल्या १८ रुग्णांवरच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भाजलेल्या बियांचं चूर्ण गोळीच्या तोडीस तोड उतरलं. ज्यांना गोळी परवडत नाही त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट. पण नंतरच्या १६ आठवड्यांच्या चाचणीत १४ पैकी ७ जणांनी चूर्ण मधेच सोडलं. कुणाचं पोट बिघडलं, कुणाच्या हालचाली. गोळीत सोबत कार्बिडोपा असतो. लेव्होडोपाचं मेंदूबाहेरच डोपामिन होणं तो रोखतो, म्हणून मळमळ कमी. चूर्णात तो कुठून येणार?

आणि मात्रा? "चमचाभर." कुठला चमचा, चहाचा की आमटीचा? बियांत लेव्होडोपा साधारण चार ते सहा टक्के; म्हणजे पाच ग्रॅम चूर्णात २०० ते ३०० मिलिग्रॅम. वर "कोमट दुधातून घ्या"! प्रथिनं आतड्यात याच लेव्होडोपाची वाट अडवतात. औषध द्यायचं आणि त्याचा अडथळाही त्याच पेल्यात द्यायचा, याला प्रतिभा लागते. कुणी गोळीही घेतो आणि गुपचूप पुडीही. मग मात्रा वाढते आणि अंग वेडंवाकडं हलू लागतं. कुणी भक्तिभावानं गोळी एकदम बंद करतो. मग ताप, ताठरलेलं शरीर, प्रसंगी प्राणाशी गाठ. सल्लागार तेव्हा कुठे असतात? पुढच्या रुग्णाकडे.

तेव्हा वैद्यराज, एकच मागणी. पुडीवर 'शंभर टक्के नैसर्गिक' छापता, त्याच्याखाली लेव्होडोपा किती मिलिग्रॅम तेही छापा. छापलंत तर तुमचं चूर्ण केमिकल ठरेल. नाही छापलंत तर जुगार. निवडा.