शिवेपलीकडे ढकललेली साथ

दर पावसाळ्यात आदिलाबादच्या डोंगराळ पट्ट्यातील गोंड-कोलाम गुड्यांतून जुलाब-उलट्यांच्या बातम्या येऊ लागतात, वैद्यकीय पथके निघतात, शिबिरे भरतात, सलाइन लागते आणि पोळा उलटला की हा विषय मिटतो. या विस्मरणामागे दोन शतकांची परंपरा उभी आहे आणि ती एकट्या या जिल्ह्याची नाही.

१८१७ साली बंगालमध्ये उसळलेली पटकी पेंढाऱ्यांवर चालून निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेत शिरली आणि वर्षभरात दख्खनभर पसरली; पेशवाईचा अस्त आणि पटकीचे थैमान या भूमीने एकाच सुमारास पाहिले. गावांनी आपल्यापरीने उपाय काढला: मरीआईचा गाडा सजवायचा, वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडून परतायचे. या विधीमागचे निरीक्षण खरे होते, कारण रोग खरोखरच गावोगाव प्रवास करतो. चूक होती ती त्याला बाहेरचा पाहुणा मानण्यात, तो आपल्याच पाणवठ्यात मुक्काम करतो हे न ओळखण्यात.

ही चूक उघड करणारा पुरावा १८८४ साली कलकत्त्यात मिळाला. रॉबर्ट कॉख यांनी रुग्णांच्या आतड्यांत आणि वस्तीच्या तळ्यातही स्वल्पविरामाच्या आकाराचा तोच जिवाणू दाखवला. जिवाणू म्हणजे केंद्रक नसलेली एकच पेशी. अनुकूल परिस्थितीत काही जाती वीस-तीस मिनिटांत दुभंगून दुप्पट होतात. त्यांतील बहुसंख्य आपले वैरी नाहीत: आदिलाबादच्या काळ्या रानात सोयाबीन आणि तुरीच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधून ठेवणारेही जिवाणूच. पटकीचा जिवाणू मात्र लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून विष सोडतो, हे १९५९ साली कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले. त्या विषाने शरीरातले पाणी आणि क्षार आतड्यात ओसंडतात आणि धडधाकट माणूस काही तासांत कोरडा पडतो.

शीव रोग अडवत नाही, पाण्याची निगा अडवते, हा धडा १८९२ साली जर्मनीतल्या दोन जोडशहरांनी दिला. एल्ब नदीचे पाणी न गाळता पिणाऱ्या हँबर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे पटकीने मेली. त्याच नदीचे पाणी वाळूतून गाळून घेणारे, हँबर्गला भिंतीला भिंत लागून असलेले आल्टोना बव्हंशी वाचले. तरीही चार वर्षांनी मुंबईत प्लेग उतरला तेव्हा सरकारने विलगीकरणाच्या छावण्या, घरझडत्या आणि १८९७चा साथरोग कायदा यांवर भिस्त ठेवली. पुण्यात त्या जुलमाचा शेवट प्लेग अधिकारी रँडच्या हत्येत झाला. त्याच शहरात त्याच वर्षी सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करताना प्लेगनेच गेल्या. मरीआईचा गाडा आता सरकारी झाला होता. सव्वाशे वर्षांनी, २०२० मध्ये, विषाणूच्या साथीत तोच कायदा पुन्हा बाहेर आला आणि आदिलाबादमधून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावरून उत्तरेकडे पायी निघालेल्या मजुरांना राज्यांच्या सीमांचा अर्थ नव्याने कळला.

विसाव्या शतकाने प्रतिजैविके दिली आणि मानवजातीला वाटले, गाडा कायमचा हाकलला. पण १९४५ च्या नोबेल व्याख्यानात स्वतः पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनीच बजावले होते की अपुऱ्या मात्रेतले पेनिसिलिन जिवाणूंना मारण्याऐवजी तरबेज करते. जिवाणू प्रतिकाराची जनुके पुढच्या पिढीला तर देतातच, शिवाय प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यांतून शेजारच्या परक्या जातीलाही देतात. तेव्हा जुलाबाच्या प्रत्येक रुग्णाला सवयीने दिलेली गोळी संकट पुढच्या पिढीच्या हद्दीत सोडून येते. याउलट, १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महलनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर असंख्य जीव वाचवले. तो उपाय आजही सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कमी प्रतिष्ठेचा.

आदिलाबादला सीमांची अस्थिरता नवी नाही. १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा त्याच्यापासून तुटून मराठी मुलुखात आले, २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. पैनगंगेने मात्र यातली एकही रेघ मानली नाही. यवतमाळच्या काठचा मैला आणि आदिलाबादच्या काठचा मैला ती वर्धेत, तेथून प्राणहितेत आणि अखेर गोदावरीत एकाच प्रवाहाने नेते. नळ गुड्यापर्यंत पोहोचणे ही मोठी मजल खरी. परंतु फुटलेल्या जलवाहिनीत पहिल्या पावसाचा गाळ शिरला, तर तोच नळ साथीचा रस्ता होतो. म्हणून खरी कसोटी श्रावणातल्या शिबिरांची नसून ज्येष्ठातल्या कामांची आहे: टाकी धुतली का, शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरते का, दोन्ही काठांची आरोग्य खाती एकमेकांना वेळेत खबर देतात का. ही कामे साथीच्या आधी करायची असल्याने त्यांचे श्रेय कुणाला मिळत नाही, आणि ज्या कामांना श्रेय नसते ती समाज प्रथम विसरतो. पुढची साथ त्याच विस्मृतीतून उगवते.